समाजस्वास्थ्य आणि आमचं मेडिकल

पिरंगुटला माझं औषधांचं दुकान आहे. संध्याकाळी साडेसातच्या पुढे कंपन्यांची शिफ्ट सुटली की काउंटरवर एक ठराविक प्रकारचं गिऱ्हाईक येतं. ते आधी कडेला उभं राहतं. डोकेदुखीच्या गोळीची किंमत विचारतं, मोबाइलमध्ये बघतं, बाकीची माणसं निघून जायची वाट पाहतं. मग आवाज खाली आणून, जमलं तर नुसत्या बोटाने दाखवून, हवं ते मागतं. एवढ्या वर्षांत मी ती नजर ओळखायला शिकलोय.

गेल्या पावसाळ्यात असाच एक पोरगा आला. वय एकोणीस-वीस, मराठवाड्यातला, इथे एका कारखान्यात पॅकिंगला. त्याच्या हातात चुरगळलेली चिठ्ठी होती. शहरातल्या कुठल्याशा लॉजवर दर पंधरवड्याला बसणाऱ्या एका 'गुप्तरोग तज्ज्ञा'ने त्याला काढा, भस्म आणि तेल असं मिळून चौदा हजारांचं औषध दिलं होतं. आता दुसरा कोर्स हवा होता, आणि तो माझ्याकडे स्वस्त मिळेल का, हे तो विचारत होता. आजार काय? तर 'धातू जातो'. झोपेत महिन्यातून दोन-तीनदा. चौदा हजारांतले दहा ठेकेदाराकडून उचल घेतलेले. गावाकडे सोयरीक ठरली होती, आणि ती मोडायला सांगावी असं याच्या मनाने घेतलं होतं, कारण 'आपण आता बाद झालो'.

मी त्याला सांगितलं, अरे, हा आजारच नाही. वयात आलेल्या प्रत्येक पुरुषाला हे होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही डॉक्टर थोडेच आहात?" खरंच आहे. मी फार्मसीचा डिप्लोमावाला. चौदा हजार घेणाऱ्याच्या भिंतीवर चार फ्रेम होत्या, माझ्या भिंतीवर फक्त परवाना.

या भीतीला मानसोपचाराच्या पुस्तकांत नाव आहे. डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली तिला 'धात सिंड्रोम' म्हटलं. थकवा, छातीत धडधड, झोप न लागणं, उदासी हे सगळं खरंखुरं होतं. पण कारण वीर्य जाणं नसून वीर्य जाण्याविषयीची धास्ती असते. म्हणजे दुखणं मनाचं, आणि औषध विकणारे शरीराचं विकतात. पण विगसाहेबांच्या पुष्कळ आधी, मराठीत, एका माणसाने हेच पुन्हा पुन्हा लिहून ठेवलं होतं. तो मानसशास्त्रज्ञ नव्हता, डॉक्टरही नव्हता. गणिताचा प्राध्यापक होता.

रघुनाथ धोंडो कर्वे. अण्णासाहेब कर्व्यांचा थोरला मुलगा. आमच्या लोकांपैकी बहुतेकांना 'कर्वे' म्हटलं की कर्वे रोड आठवतो, फार तर महर्षी कर्वे. मलाही तेवढंच माहीत होतं. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत य. दि. फडक्यांनी लिहिलेलं चरित्र हाती लागलं तेव्हा मी ते औषधांच्या कंपन्यांच्या डायऱ्यांबरोबर उचललं होतं, आणि दुकानातच, गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात वाचलं.

जन्म १४ जानेवारी १८८२, कोकणातल्या मुरूडचा. नवव्या वर्षी आई गेली. १८९३ मध्ये वडिलांनी विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरूडच्या गावकीने त्यांना वाळीत टाकलं. अकरा वर्षांच्या पोराने हे बघितलं. समाज एका लग्नावरून माणसाशी कसा वागतो याचा धडा त्याला फार लवकर मिळाला. हुशार इतका की १८९९ च्या मॅट्रिकला पहिला. फर्ग्युसनमधून पदवी घेतली, गणित शिकवू लागले, पुढच्या शिक्षणासाठी पॅरिसला गेले. परत आले ते संततिनियमनाचा ध्यास घेऊनच, आणि १९२१ साली मुंबईत त्यांनी संततिनियमनाचं केंद्र उघडलं. मेरी स्टोप्सबाईंनी लंडनमध्ये त्याच वर्षी आपलं केंद्र उघडलं होतं. म्हणजे आपण कुणाच्या मागे नव्हतो. मागे पडलो ते नंतर.

१९२१ म्हटलं की आम्हा मुळशीकरांना दुसरंच काही आठवतं. त्याच वर्षी टाटांच्या धरणाविरुद्ध इथे सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट त्यात उतरले, गावं पाण्याखाली जायची ती गेलीच. भिऱ्याचं वीजघर १९२७ मध्ये चालू झालं आणि आमच्या खोऱ्यातल्या पाण्याची वीज मुंबईला गेली. रघुनाथरावांचं 'समाजस्वास्थ्य' मासिकही मुंबईत १९२७ च्याच जुलैत निघालं. ते छापताना जळणाऱ्या दिव्यात आमच्या बुडालेल्या शेतांचा काही हिस्सा होता की काय, असा विचार मनात येऊन जातो. त्याला काही अर्थ नाही, पण येतो.

मासिकाच्या आधीच नोकरीचा निकाल लागला होता. विल्सन कॉलेजात ते गणित शिकवत. संततिनियमनाचा प्रचार आणि प्राध्यापकी, दोन्ही चालणार नाही असं ठरलं, आणि १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. पुढचं सगळं आयुष्य ओढगस्तीत गेलं. पत्नी मालतीबाईंनी साथ दिली म्हणून निभावलं. दोघांनी मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं आणि शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करून घेतली.

हे वाक्य मी तेव्हा दोनदा वाचलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशात स्त्रियांच्या नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के आहे आणि पुरुषांच्या नसबंदीचं ०.३ टक्के. पुरुषाचं ऑपरेशन सोपं, टाके जवळजवळ नाहीत, दोन दिवसांत माणूस कामावर. तरी टेबलावर बाईच चढते. कर्व्यांनी जे केलं ते शंभर वर्षांनंतरही आपल्याकडे हजारात तिघे करतात. यात हिंदू-मुसलमान असा फरक काढत बसू नये, मर्दानगीच्या बाबतीत सगळे भाऊ भाऊ आहेत.

'समाजस्वास्थ्य'चा जीव कशात होता तर वाचकांच्या पत्रांत. लेख होतेच. गुप्तरोगांवर होते, स्त्रीच्या सुखावर होते, 'शारदेची पत्रे' होती, मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असायचं आणि त्यावरूनही शिव्या पडायच्या. पण लोक पत्रं लिहून जे विचारत आणि रघुनाथराव जी उत्तरं देत, ते खरं काम. हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का? पुरुषाला पुरुषाविषयी आकर्षण वाटलं तर तो रोगी का? ज्या काळात या शब्दांचा उच्चार घरात तर सोडाच, डॉक्टरपुढेही होत नसे, त्या काळात एक माणूस कोरड्या, गणिताच्या मास्तरी भाषेत सांगत होता की घाबरू नका, याने काही होत नाही. आज ज्याला समुपदेशन म्हणतात आणि तासाचे दीड-दोन हजार घेतात, ते हा मासिकाच्या पानावर करत होता.

आणि त्याचीच शिक्षा झाली. पहिला खटला १९३१ चा, व्यभिचारावरच्या लेखासाठी, दंड शंभर रुपये. दुसरा १९३४ चा, वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. या दुसऱ्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. विचार करा, १९३४ साल. महाडचं पाणी, गोलमेज परिषद, पुणे करार हे सगळं नुकतंच होऊन गेलेलं. बाबासाहेबांच्या डोक्यावर एवढं ओझं असताना त्यांना ही बदनाम केस घ्यायची काय गरज होती? घेतली. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे अश्लील होत नाही, लोक अज्ञानातून विचारतात आणि अज्ञान ज्ञानानेच जाईल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. केस हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. याच खटल्यावर अजित दळवींनी लिहिलेलं 'समाजस्वास्थ्य' नाटक अतुल पेठेंनी बसवलं होतं, आणि त्याआधी अमोल पालेकरांनी 'ध्यासपर्व' सिनेमा केला. ज्यांना पुस्तक वाचायचा कंटाळा आहे त्यांनी निदान तो बघावा.

तिकडे जर्मनीत याच सुमाराला काय चाललं होतं तेही सांगतो. माग्नुस हिर्शफेल्ड नावाच्या डॉक्टराने १९१९ मध्ये बर्लिनला लैंगिकतेच्या अभ्यासाची संस्था काढली होती. १९३१ मध्ये तो हिंदुस्थानात येऊनही गेला. मे १९३३ मध्ये नाझींनी त्याची संस्था लुटली आणि पुस्तकं भर चौकात जाळली. आमच्याकडे इंग्रजांनी दंड ठोठावला, जाळलं नाही, एवढ्यावर समाधान मानायचं असेल तर मानावं.

आता माझ्या घरची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मी हे का लिहितोय ते कळणार नाही.

माझी एक फुफी होती. अब्बांची थोरली बहीण. मुळशी धरणाच्या अंगाला, आत, तेव्हा एसटी फक्त पौडपर्यंत नीट यायची अशा काळात दिलेली. मी तिला पाहिल्याचं मला आठवत नाही. तिच्या आठव्या बाळंतपणात ती गेली, बाळही गेलं. पाचव्या खेपेलाच दाईने सांगितलं होतं की आता पुरे. फुफा माणूस वाईट नव्हते, बायकोवर जीव होता. पण 'रोकना हराम है' असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं आणि त्यांनी ते कधी कुणाला उलट विचारलं नाही. विचारणार कुणाला? ज्या गोष्टीचा शब्दच तोंडातून काढायचा नाही ती विचारणार कशी? अब्बा म्हातारपणी ही गोष्ट निघाली की गप्प व्हायचे. एकदा एवढंच म्हणाले, "हम सब मर्द थे घर में, किसी को नहीं सूझा."

पुढे मी वाचायला लागलो तेव्हा कळलं की फुफांना चुकीचं सांगितलं गेलं होतं. सहाबांच्या काळात अज्ल, म्हणजे गर्भ राहू नये म्हणून वेळेवर बाजूला होणं, चालत असे आणि त्यांना मना केलं गेलं नाही, ही हजरत जाबिर यांची रिवायत बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. इमाम गझालींनी 'इह्या'मधल्या निकाहच्या प्रकरणात अज्ल जायज धरलं, आणि कारणं देताना बाळंतपणातला जिवाचा धोका आणि फार मुलांमुळे होणारी ओढाताण हीसुद्धा मोजली. हे गझाली ११११ साली वारले. इब्न सीनाच्या वैद्यकाच्या ग्रंथात गर्भ न राहण्याचे उपाय दिलेत, तो त्यांच्याही आधीचा. उलेमांत यावर मतभेद होते, आजही आहेत, मी मुफ्ती नाही. पण 'हराम आहे' असं एका शब्दात उडवून देण्याएवढा हा विषय सोपा कधीच नव्हता. हजार वर्षांपूर्वी ज्याची चर्चा विद्वान ग्रंथात मांडत होते, ती गेल्या शतकात आमच्या फुफांपर्यंत पोहोचली नाही.

आणि शरम? उम्मे सुलैम यांनी खुद्द पैगंबरांना, सल्लल्लाहु अलैहि व सल्लम, बाईला स्वप्नदोष झाला तर गुस्ल करायचं का, असं विचारलं होतं. हजरत आयेशा अन्सारी बायकांची तारीफ करायच्या की लाज त्यांना दीन समजून घेण्याच्या आड आली नाही. हे आमच्या मदरशात शिकवतात. मीही शिकलो. फक्त तेव्हा ते गुस्लचा मसला म्हणून शिकवलं, यात एक बाई आपल्या शरीराबद्दल सरळ प्रश्न विचारतेय आणि तिला सरळ उत्तर मिळतंय, हे कुणी दाखवलं नाही. पिरंगुटच्या त्या पोराला झोपेत जे होत होतं त्याच्यावर आमच्याकडे चौदाशे वर्षांपासून साधं उत्तर आहे: अंघोळ कर. काढा पी, असं कुठेही नाही. (पोरगा हिंदू होता, पण अंघोळ त्यालाही चालली असती.)

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर कॉमेंटमध्ये दोन्हीकडून मार खाईन. रघुनाथरावांची सगळी मतं मला मान्य नाहीत. ते नास्तिक होते, धर्म त्यांना अडगळ वाटे. निष्ठेच्या प्रश्नावर त्यांनी जे लिहिलं, ज्यासाठी पहिला दंड झाला, त्याच्याशी मी सहमत नाही. माझ्यासाठी निकाह हा करार आहे आणि तो पाळायचा असतो. त्यांनी पुढ्यात बसून वाद घातला असता तर मी बहुधा हरलो असतो, पण मत बदललं नसतं. पण माझं म्हणणं असं की एखाद्याच्या निष्कर्षाशी भांडता येतं आणि तरी त्याने दिलेली माहिती घेता येते. माहिती ही कुणा नास्तिकाची मालमत्ता नाही. उलट आपण ती त्याच्यावर सोडून दिली, हा आपला दोष.

दुसरीकडून येणारा टोमणाही मला माहीत आहे. 'तुम्ही काय संततिनियमनावर बोलता, तुमच्याकडे पाच-पंचवीस.' आकडे पाहावेत. १९९२-९३ च्या पहिल्या सर्वेक्षणात मुस्लिम बाईमागे सरासरी ४.४ मुलं होती, २०१९-२१ मध्ये २.४ च्या आत आली. हिंदू बाईमागे ३.३ वरून १.९. उतार आमचा जास्त आहे. माझ्या काउंटरवर हे आकडे नसले तरी माणसं आहेत: बुरख्यातल्या, नऊवारीतल्या, हिंजवडीच्या आयडी कार्डवाल्या. सगळ्यांची वस्तू एकच असते आणि आवाजही सारखाच खाली गेलेला असतो. आणि मला काळजी आकड्यांची नाहीच. बहात्तर तासांची गोळी दर आठवड्याला घेऊन जाणाऱ्या मुलींची आहे. ती रोजची गोळी नव्हे, हे त्यांना माझ्याशिवाय कुणी सांगितलेलं नसतं. आणि त्या चौदा हजारांची आहे.

२००७ मध्ये आपल्या राज्यात शाळांतून लैंगिक शिक्षणाला बंदी घातली गेली तेव्हा विधानसभेत ज्या शब्दांत विरोध झाला, तो पाहून मला वाटलं होतं की यात आमचे मौलाना आणि त्यांचे संस्कृतिरक्षक यांचं किती जमतं. एरवी एका व्यासपीठावर येणार नाहीत. शाळा गप्प, घर गप्प, मशीद गप्प. मग पोरगा मोबाइलवर शिकतो. मोबाइल जे शिकवतो ते पाहून लग्नाच्या पहिल्या रात्री आपल्यात काहीतरी कमी आहे असं त्याला वाटतं, आणि तिला वाटतं आपल्यावर हल्ला झाला. अशी एक मुलगी, माझ्याच नात्यातली, लग्नानंतर आठव्या दिवशी माहेरी आली ती परत गेलीच नाही. दोन्ही घरची माणसं चांगली. बैठकीत मेहेर, दागिने, फर्निचर या सगळ्यावर तीन तास बोलणं झालं. जे झालं होतं त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही, मीही नाही. मी तिथे बसलो होतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आपण निकाहआधी रक्ताचा रिपोर्ट बघायला लागलोय, हॉल सहा महिने आधी बुक करतोय. तर प्रत्येक जमातीने निकाह लावण्याआधी मुलाला आणि मुलीला, वेगवेगळं, दोन तास डॉक्टरसमोर बसवावं. शरीर कसं चालतं, गर्भ कसा राहतो, कसा टाळता येतो, समोरच्याची इच्छा नसेल तर काय, भीती वाटली तर कुणाकडे जायचं. त्याच्या आधी पाऊण तास मौलानांनी निकाहचे हक्क सांगावेत. पाश्चात्त्य काही नाही त्यात. तुमच्याच किताबात आहे, फक्त पानं उलटायची आहेत.

हे मी आमच्या भागातल्या एका मौलानांपुढे मांडलं. वयाने माझ्याहून लहान, देवबंदला शिकलेले, समजूतदार माणूस. ते बराच वेळ दाढीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "भाई, बात तो सही है, मसला भी सही है. पण खुले में नको. लोगां क्या बोलेंगे." मी म्हटलं, मौलाना, फुफीच्या जनाज्याला लोगां काय बोलले होते, ते अब्बांनी मला सांगितलंय. अल्लाह की मर्जी, असं बोलले होते. मौलाना काही बोलले नाहीत.

रघुनाथराव १४ ऑक्टोबर १९५३ ला गेले. त्याच्या आदल्याच वर्षी सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला होता. त्यांच्या नात्यातल्या शकुंतलाबाई परांजप्यांनी पुण्यात हे काम नेटाने चालवलं, राज्यसभेत गेल्या, पद्मभूषण झाल्या. वडील महर्षी, मुलाच्या मागे नऊ वर्षं जगले, त्यांना भारतरत्न मिळालं आणि ते योग्यच होतं. मुलाच्या वाट्याला दोन दंडाच्या पावत्या आणि सव्वीस वर्षांचे अंक. ते अंक अनंत देशमुखांसारख्या अभ्यासकांनी शोधून त्यातलं निवडक छापलं म्हणून माझ्यासारख्यापर्यंत आलं.

त्या पोराचं सांगायचं राहिलं. मी त्याला पैसे परत मिळवून देऊ शकलो नाही, लॉजवाला तोवर दुसऱ्या गावी गेला होता. पण पौडच्या सरकारी दवाखान्यात ओळखीचे डॉक्टर होते, त्यांच्याकडे मी त्याला स्वतः मोटरसायकलवर घेऊन गेलो. त्यांनी तपासलं, पंधरा मिनिटं बोलले. बाहेर आल्यावर त्याने चहा घेतला आणि विचारलं, "एवढंच होतं?" सोयरीक मोडली नाही. दिवाळीनंतर लग्न झालं. ठेकेदाराची उचल अजून फिटतेय.

आणि मौलानांचा परवा फोन आला. मशिदीच्या मागच्या हॉलमध्ये पुढच्या रविवारी पुरुषांसाठी जोहरनंतर, बायकांसाठी त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी. त्यांना लेडी डॉक्टर हवी, ती मी बघायची. फक्त बोर्डावर विषय लिहायचा नाही, नुसतं 'सेहत' लिहा, म्हणाले. बोर्ड मी रंगवायला दिलाय.